भागीदारीतला नफा कसा काढावा



मी कला शाखेचा पदवीधर. बँकेत कारकून म्हणून लागलो आणि जो काही हिशेब शिकलो तो काउंटरमागे बसून. तेव्हा व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी माझ्याकडून मोठ्या शब्दांची अपेक्षा ठेवू नये.

हल्ली नोकरीच्या मुलाखतीत एखाद्या धंद्याची हकीकत सांगून उमेदवाराला त्यावर विचार करायला लावतात. त्याला 'केस' म्हणतात. माझ्या पुतणीला सरावाच्या मुलाखतीत अशीच एक केस दिली होती. दोन मित्र भागीदारीत जेवणाचे डबे पुरवतात. धंदा कितपत चालतो ते सांगा. आकडे मी सोयीसाठी थोडे गोल केले आहेत, फळ्यावर लिहितो.

जागेचे भाडे महिना 9,000 रुपये, स्वयंपाकाच्या दोन बायकांचा पगार 18,000, वीज-पाणी 3,000. हा 30,000 चा खर्च एकही डबा विकला नाही तरी होणारच. हा स्थिर खर्च. एक डबा 70 रुपयांना जातो. त्यात शिधा, भाजी, गॅस आणि पोहोचवणावळ मिळून 45 रुपये जातात, हा बदलता खर्च. म्हणजे दर डब्यामागे 25 रुपये उरतात. तीस हजाराला पंचविसाने भागा : 1,200 डबे. महिन्याचे 25 दिवस धरले तर रोज 48 डबे. येथे ना नफा ना तोटा, यालाच ब्रेक-इव्हन म्हणतात. हे दोघे रोज 60 डबे विकतात, म्हणजे महिन्याला 1,500. वरच्या 300 डब्यांचे 7,500 रुपये नफा, प्रत्येकी 3,750.

पुतणीने हे दोन मिनिटांत सांगितले. परीक्षकांनी मान डोलावली आणि विचारले, "डबा कोण भरतो?"

ती अडखळली. केसमध्ये ते लिहिलेलेच होते, पण तिने आकडा समजून घेतला नव्हता. भांडवल एकूण 3 लाख. पहिल्याने 2,40,000 घातले, तो दुसरीकडे नोकरी करतो. दुसऱ्याने 60,000 घातले आणि तो पहाटे मंडईपासून रात्री भांडी मोजेपर्यंत तेथेच असतो. त्याला पगार नाही. त्याच्या जागी माणूस ठेवला तर 12,000 तरी द्यावे लागतील. शिवाय भांडी, शेगड्या, फ्रीज यांना 1,80,000 लागले. ते पाच वर्षे टिकतील असे धरले तर झीज महिना 3,000. हे दोन्ही मिळवले की स्थिर खर्च 45,000 होतो आणि 1,800 डबे, म्हणजे रोज 72 विकावे लागतात. साठ डब्यांवर जो 7,500 चा नफा दिसत होता, तो 7,500 चा तोटा निघतो. भांडवलावरचे व्याज तर मी अजून धरलेलेच नाही.

येथे मला घरातली गोष्ट सांगावी लागेल. या मुलीच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, 2004 साली एका मित्राबरोबर लग्नपत्रिका छापण्याचा धंदा काढला होता. पैसा मित्राचा, हात भावाचे. दिवाळीला दोघे बसून गल्ला मोजायचे आणि निम्मे-निम्मे करायचे. कागद एकही केला नव्हता. 'मित्रात कसला कागद' असे भाऊ म्हणायचा. चार वर्षांनी यंत्र दुरुस्तीला आले तेव्हा पैसे नव्हते, आणि कोणी जास्त दिले यावरून बोलणे बंद झाले. मित्र लबाड नव्हता. त्याच्या बाजूने त्याचाही हिशेब बरोबरच होता. वहिनींनी त्या काळात शिवणकामावर घर चालवले, त्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत झाली नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. भारतीय भागीदारी अधिनियम 1932, कलम 13. भागीदारांत वेगळा करार नसेल तर धंदा पाहण्याबद्दल कोणालाही मोबदला मागता येत नाही, नफा समान वाटायचा आणि तोटाही समान सोसायचा. भांडवलावर व्याज द्यायचे ठरले असले तरी ते नफ्यातूनच मिळते. म्हणजे राबणाऱ्याचा पगार हवा असेल तर तो करारात लिहावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम 69 प्रमाणे, फर्मची नोंदणी नसेल तर करारातला हक्क मिळवण्यासाठी भागीदाराला फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर सहसा दावा लावता येत नाही. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून लोक ती टाळतात.

मग या दोघांनी धंदा बंद करावा काय? पुतणीला परीक्षकांनी हेच विचारले. तिने घरी येऊन माझ्याजवळ बसून उत्तर शोधले. डब्याचा भाव 75 केला तर प्रत्येक डब्यामागे 30 रुपये उरतात. पंचेचाळीस हजाराला तिसाने भागा : 1,500 डबे, रोजचे नेमके 60. पाच रुपयांनी तोटा भरून निघतो. अट एवढीच, की भाव वाढल्यावर एकही गिऱ्हाईक जाता कामा नये. दहा डबे कमी झाले की पुन्हा महिना 7,500 ची खोट. तेव्हा मुलाखतीत "भाव वाढवा" एवढे सांगून थांबू नका. आसपास दुसरा डबेवाला कोण, त्याचा भाव काय, हे विचारा. परीक्षक रागावत नाहीत, उलट तुम्ही विचारावे म्हणून ते वाट पाहत असतात.

आमच्या भावाने हा फळ्यावरचा हिशेब घरी कागदावर पाहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "बारा हजार कमी धरलेस."

फळा पुसत नाही, ज्यांना आकडे उतरवून घ्यायचे असतील त्यांनी घ्यावेत.