संगणकाचा दलाल

लातूर शहरांत जून-जुलैचे दिवस म्हणजे निकालाचे आणि प्रवेशाचे दिवस. ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें अभ्यासाची जी रीत महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाली, तिच्या ओढीनें नांदेड, परभणी, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून मुलें येथें येऊन राहतात. पूर्वी प्रवेशाचा अर्ज म्हणजे शाईनें भरावयाचा कागद होता. आतां तो संगणकावर भरावा लागतो. छायाचित्र, सही, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हीं सारीं स्कॅन करून त्यास जोडावीं लागतात, आणि शेवटच्या दिवसाची ठरलेली वेळ उलटली कीं दार बंद होतें. अशाच एखाद्या सकाळीं संगणक सुरू करावा, अपडेट पूर्ण झाल्याचा शुभसमाचार पडद्यावर यावा, आणि काल संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालणारा स्कॅनर आज संगणकास ओळखूंच येऊं नये, हा प्रसंग घरांतून, दुकानांतून आणि सेवा केंद्रांतून पुनःपुन्हां उद्भवतो.

अशा वेळीं बहुतेक घरांत दोन निष्कर्ष निघतात. एक असा, कीं यंत्र मेलें. दुसरा असा, कीं घरांतल्या मुलानें कांहीं तरी बिघडविलें. बहुधा दोन्ही खोटे असतात. पहिल्यापायीं चांगलें यंत्र भंगारांत जातें आणि नव्याचे हजारों रुपये पडतात. दुसऱ्यापायीं निरपराध्यास बोल बसतो. आणि या गडबडीत अर्जाची वेळ निघून जाते ती निराळीच. म्हणून या दोषाचें खरें स्वरूप सुशिक्षित कुटुंबांनीं एकदां समजून घेणें अगत्याचें आहे.

मराठवाड्यांतील बैलबाजार ज्यांनीं पाहिला असेल त्यांस दलालाचा रुमाल ठाऊक असेल. विकणारा एका बाजूस, घेणारा दुसऱ्या बाजूस, मध्यें दलाल. रुमालाखालीं हात जातो, बोटें दाबलीं जातात, आणि तोंडावाटे एकहि शब्द न निघतां भाव ठरतो. त्या बोटांच्या खुणा दलालास ठाऊक असतात म्हणूनच व्यवहार चालतो. संगणकांत हेंच काम ड्रायव्हर नांवाचा लहानसा प्रोग्राम करितो. नांव ड्रायव्हर असलें तरी तो गाडी हांकणारा नव्हे. तो मध्यस्थ आहे. त्याच्या एका बाजूस संगणकाचा सारा कारभार पाहणारी प्रणाली असते, म्हणजे बहुतेक घरांतील विंडोज. दुसऱ्या बाजूस प्रिंटर, स्कॅनर, कॅमेरा किंवा अंगठ्याचा ठसा घेणारें यंत्र असतें. विंडोज एवढेंच म्हणतें, कीं हें पान छाप. परंतु प्रत्येक कंपनीच्या, किंबहुना प्रत्येक नमुन्याच्या प्रिंटरच्या खुणा निराळ्या. तो हुकूम त्या खुणांत उतरवून देणें हें ड्रायव्हरचें काम.

अपडेट म्हणजे एका रात्रींत बाजारांतील खुणा बदलणें. बैल तोच, घेणारा तोच. दलाल मात्र जुन्याच खुणा करीत उभा राहतो. यंत्र मेलेलें नसतें. मधला बोलणारा अडलेला असतो.

असें होण्याचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें कारण म्हणजे नियमच बदलतो. विंडोजमध्यें छपाईचीं पानें रांगेंत लावणारा ‘प्रिंट स्पूलर’ नांवाचा विभाग आहे. त्यांत २०२१ सालीं एक घातक भेग आढळली, आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्याच वर्षीच्या जुलैंत घाईनें तिची दुरुस्ती काढली. ऑगस्टपासून तर संगणकाच्या मुख्य अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवितां येऊं नये असा नियम झाला. सप्टेंबरच्या अपडेटनंतर अनेक कचेऱ्यांत एका संगणकास जोडलेला आणि इतरांनीं वाटून घेतलेला प्रिंटर ‘११बी’ या अक्षरांनीं संपणारी त्रुटि दाखवून बंद पडला. प्रिंटरांत दोष नव्हता. दाराचें कुलूप बदललें होतें. दुसरें कारण म्हणजे ड्रायव्हर जुना असतो. गाभ्यांत काम करणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलीच पाहिजे, असा दंडक विंडोज १० नें २०१६ पासून घातला. जुन्या यंत्राच्या निर्मात्यानें नवा ड्रायव्हर काढलाच नाहीं, तर नवी विंडोज जुन्या मध्यस्थास दारांतूनच परत पाठविण्याचा संभव असतो. तिसरें कारण असें, कीं विंडोज कधीं कधीं निर्मात्याचा खास ड्रायव्हर काढून आपला सर्वसाधारण ड्रायव्हर तेथें बसवितें. मग त्याच यंत्रावर छपाई होते, पण स्कॅन होत नाहीं.

सेवा केंद्रांतील अंगठ्याच्या यंत्रास तर दोन मध्यस्थ लागतात. एक त्याचा ड्रायव्हर. दुसरी ठशावर गुप्तलेखनाचा संस्कार करून तो आधारच्या यंत्रणेकडे पाठविणारी ‘आरडी सर्व्हिस’. दोहोंपैकीं एक जरी मागें राहिली तरी यंत्राचा दिवा लागतो, पण ठसा जात नाहीं. नोव्हेंबर महिन्यांत हयातीच्या दाखल्यासाठीं आलेल्या वृद्धास त्या वेळीं असें सांगण्यांत येतें, कीं तुमचीं बोटें झिजलीं आहेत. कित्येकदां तें खरें असतें; पण कित्येकदां झिजलेलें बोट नसून जुना झालेला ड्रायव्हर असतो.

आतां उपायांचा क्रम पाहूं. येथें क्रम हाच अर्धा उपाय आहे. प्रथम कांहींहि न बदलतां पडद्यावरील संदेश शब्दशः कागदावर उतरवून घ्यावा, किंवा त्याचें छायाचित्र काढावें. नंतर साध्या गोष्टी पाहाव्या: वायर बसली आहे काय, दुसऱ्या यूएसबी खांचेंत लावून फरक पडतो काय, आणि शक्य तर तेंच यंत्र दुसऱ्या संगणकास जोडून चालतें काय. तेथें तें चाललें, तर यंत्र निर्दोष आहे हें सिद्ध झालें आणि नव्याचा खर्च वांचला.

यानंतर संगणक ‘रिस्टार्ट’ करावा. ‘शट डाऊन’ करून पुन्हां सुरू करणें आणि ‘रिस्टार्ट’ करणें हीं एकच, असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. अलीकडील विंडोजमध्यें लवकर सुरू होण्याची सोय चालू असते. ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोजचा गाभा पुरता मिटत नाहीं, तो झोपवून ठेवलेला असतो आणि दुसऱ्या दिवशीं तसाच उठतो. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे ड्रायव्हर नव्यानें कामावर येतात. एवढ्यानेंच कित्येक तक्रारी मिटतात.

तरीहि दोष राहिला, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ नांवाची यादी उघडावी. तींत संगणकास जोडलेल्या सर्व उपकरणांचीं नांवें असतात, आणि जेथें दुखणें आहे त्या नांवावर पिवळ्या त्रिकोणांत उद्गारचिन्ह दिसतें. तें नांव उघडतां एक क्रमांक मिळतो. क्रमांक १० म्हणजे उपकरण सुरू होऊं शकत नाहीं. २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाहीं. ३९ म्हणजे ड्रायव्हर बिघडला किंवा गहाळ झाला. ५२ म्हणजे त्यावरील डिजिटल सही पटत नाहीं. वैद्यानें नाडी पाहावी तसा हा क्रमांक पाहावा, आणि मगच औषध ठरवावें.

पहिलें औषध म्हणजे मागें फिरणें. त्याच ठिकाणीं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असें बटण असतें. तें दाबल्यास आधींचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट दिसल्यास आधींची प्रत शिल्लक नाहीं असें समजावें. मग यंत्राच्या निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, यंत्राचा नमुना आणि विंडोजची आवृत्ति नीट जुळवून, ड्रायव्हर घ्यावा. त्यानेंहि न भागल्यास अपडेटच्या इतिहासांत जाऊन शेवटचें अपडेट काढून टाकावें, किंवा पूर्वीं ठेवलेल्या ‘रिस्टोर पॉइंट’पर्यंत परत जावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालूं लागलें, तर कशानें चाललें हें कळत नाहीं; पुढील खेपेस पुन्हां अंधारच.

दोन गोष्टी मात्र टाळाव्या. शोध घेतांना पडद्यावर जो अनोळखी मदतीचा फोन क्रमांक येतो त्यावर बोलून आपला संगणक परक्याच्या हातीं देऊं नये. आणि सर्व ड्रायव्हर आपोआप नवे करून देतों असें सांगणारे प्रोग्राम घेऊं नयेत. तसेंच कोणी संगणक पुसून नव्यानें सारें भरूं म्हणाला, तर आधीं घरांतील कागदपत्रें आणि छायाचित्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं. एका प्रिंटरपायीं मुलांच्या लहानपणाचे फोटो गमावणें हा सौदा फार महाग पडतो.

इतका वेळ पाहिलेला दोष एका उपकरणापुरता होता. परंतु कांहीं ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यांतच बसून काम करितात. तेथें चूक झाली तर एक प्रिंटर नव्हे, सबंध संगणक निळा पडदा दाखवून थांबतो. याचा अनुभव साऱ्या जगास १९ जुलै २०२४ रोजीं, शुक्रवारीं, आला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचा ‘फाल्कन’ हा पहारेकरी प्रोग्राम बड्या संस्थांच्या संगणकांत गाभ्यांतील ड्रायव्हरच्या रूपानें बसलेला असतो. भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं कंपनीनें त्यासाठीं एक लहानशी माहितीची फाइल पाठविली. तिच्या नमुन्यांत एकवीस रकाने गृहीत धरले होते; प्रोग्राम मात्र वीसच मूल्यें पुरवीत होता. एकविसावें शोधण्यास तो जेथें गेला तेथें त्याचें कांहींच नव्हतें, आणि संगणक कोसळला. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत कंपनीनें ती फाइल मागें घेतली. पण तोंपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें पंचाऐंशी लाख संगणक बंद पडले होते. विंडोजवर चालणाऱ्या एकंदर संगणकांच्या मानानें हा आंकडा शेंकडा एकाहूनहि कमी होता.

भारतांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विमानें उशिरां सुटलीं, कित्येक रद्द झालीं. मुंबईस मुख्य कचेरी असलेल्या रिझर्व्ह बँकेनें त्याच दिवशीं कळविलें, कीं दहा बँका व वित्तसंस्थांस किरकोळ अडथळा आला. सरकारी कामकाज ज्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जाळ्यावर चालतें त्यास बाधा झाली नाहीं.

त्या दिवसाचा उपायहि शिकण्यासारखा आहे. बंद पडलेल्या असंख्य संगणकांपुढें माणसास स्वतः बसावें लागलें. संगणक ‘सेफ मोड’मध्यें, म्हणजे केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरच हजर असतात अशा अवस्थेंत, सुरू करावयाचा आणि ती एक फाइल पुसावयाची, एवढेंच काम. परंतु ज्यांच्या संगणकांतील साठा बिटलॉकरच्या कुलुपांत होता त्यांस अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली लागली; आणि ती किल्ली ज्यांनीं दुसऱ्या अशाच बंद पडलेल्या संगणकांत ठेवली होती, त्यांचे हाल विचारूं नयेत.

यावरून कोणी म्हणेल, कीं मग अपडेट घेऊंच नये. हा निष्कर्ष सर्वांत धोक्याचा. मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्यें विंडोजमधील एका भेगेची दुरुस्ती पाठविली होती. मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामनें त्याच भेगेंतून शिरून जगभर लाखों संगणक कुलूपबंद केले. दुरुस्ती न घेतलेले संगणक त्यास सांपडले. जूनच्या अखेरीस आलेल्या ‘नोटपेट्या’नेंहि ती भेग वापरली, आणि त्या तडाख्यांत न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम ठप्प झालें. सारांश, अपडेट घ्यावें. पण तें केव्हां घ्यावें हें घरच्यांनीं ठरवावें. विंडोजमध्यें कांहीं दिवस अपडेट थांबवून ठेवण्याची सोय आहे. अर्जाच्या मुदतीचा आठवडा तिच्या आश्रयानें काढावा, आणि मुदत सरतांच अपडेट घ्यावें. घेण्यापूर्वीं ‘रिस्टोर पॉइंट’ ठेवावा, आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी.

त्याचबरोबर दुसरी वाट मोकळी असावी. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यास २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनहि चालतें, आणि बँकेंत समक्ष जाऊन दाखला देण्याची जुनी पद्धतिहि आहे. अंगठ्याचें यंत्र अडलें म्हणून ऐंशी वर्षांच्या माणसास चार खेपा घालावयास लावण्याचें कारण नाहीं. विद्यार्थ्यांनीं आपले दाखले मुदतीच्या आधींच स्कॅन करून दोन ठिकाणीं ठेवावे.

शेवटीं, प्रत्येक घरानें आणि प्रत्येक सेवा केंद्रानें संगणकाजवळ एक चार आण्यांच्या किंमतीची का होईना, पण कागदी वही ठेवावी. तींत तारीख घालून तीनच गोष्टी लिहाव्या: काय बदललें, त्याआधीं काय होतें, आणि मागें कसें फिरावयाचें. ज्या दिवशीं पडद्यावर उद्गारचिन्ह येईल आणि अर्जाच्या मुदतीस दोन तास उरले असतील, त्या दिवशीं पडद्यापेक्षां या वहीचें पान आधीं उघडावें.