उंबरठ्यापलीकडचा कचरा

लोकांना समजत नाही म्हणून ते रस्त्यावर कचरा टाकतात, हा समज बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात टिकत नाही. येथील शेतकरी कुटुंबांना टाकाऊ वस्तूंचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शेण, चुलीची राख आणि जनावरांनी टाकलेली वैरण उकिरड्यावर कुजून शेणखत म्हणून रानात जात असे, आणि आजही साखर कारखान्यांत उसाच्या भुशापासून वीज, मळीपासून अल्कोहोल व गाळातून, म्हणजे प्रेसमडपासून, खत तयार होते. उकिरड्याची ती सवय कुजणाऱ्या वस्तूंसाठी घडली होती, त्यामुळे घराबाहेर टाकले की काम संपले, हा भरवसा त्या काळात योग्यच होता. प्लॅस्टिक आले तेव्हा वस्तू बदलली, भरवसा मात्र तसाच राहिला.

या भरवशाला शेजाऱ्याचे वर्तन बळ देते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की आधीच घाण असलेल्या जागी माणसे अधिक सहजपणे कागद टाकतात. त्यांनी दोन प्रकारचे संकेत वेगळे केले: लोक प्रत्यक्षात काय करतात हे सांगणारा वर्णनात्मक संकेत आणि काय करावे हे सांगणारा आदेशात्मक संकेत. ‘येथे कचरा टाकू नये’ हा फलक आदेश देतो, पण त्याच्याच पायथ्याशी साचलेला ढीग येथे सगळेच टाकतात याची ग्वाही देतो, आणि येणारा-जाणारा त्या ढिगाचेच ऐकतो. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी आठवडे बाजारात ज्याच्या-त्याच्या हाती पिशवी दिसेल तोवर कायद्याचा संकेत दुबळाच राहणार.

हेच वर्तन किती बदलू शकते याचा पुरावा मात्र याच भूमीत दरवर्षी मिळतो. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामतीहून सणसर, इंदापूरकडे जात असताना काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि पालखी येण्यापूर्वी ज्या रस्त्याला एरवी कुणी वाली नसतो तो झाडून, सडा टाकून, रांगोळीने सजवला जातो. अंगणाची सीमा त्या दिवशी उंबरठ्यावरून सरकून गावाच्या वेशीपर्यंत जाते; पालखी पुढे गेल्यावर मात्र मागे राहिलेले कागदी पेले व पत्रावळ्या पुन्हा कुणाच्याच नसतात. स्वच्छतेची क्षमता लोकांत आहेच, ते ज्या जागेला आपली मानतात तेथेच ती प्रकट होते, हा येथील सर्वांत मोलाचा निष्कर्ष मानावा लागेल, आणि सोहळ्यानंतरच्या दिवसांचा अभ्यास आगमनाच्या अभ्यासाइतकाच मन लावून व्हायला हवा.

मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी 1966 च्या ग्रंथात घाण म्हणजे स्थानभ्रष्ट वस्तू असे प्रतिपादन केले. भारतीय समाजाने वस्तूंबरोबर माणसांनाही अशी स्थाने नेमून दिली, आणि कचरा उचलणे हे विशिष्ट जातींचे काम ठरवले. स्वतःच्या घरचा ओला व सुका कचरा वेगळा करण्यात आजही वाटणारा कमीपणा त्यातूनच येतो. गाडगेबाबांनी (1876–1956) हाती खराटा घेऊन गावे झाडली तेव्हा त्यांनी नेमका या कमीपणावर घाव घातला होता, आणि 2000-01 मध्ये त्यांच्या नावाने सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाचे बळही याच स्मृतीत होते.

प्रवाहाच्या वरच्या बाजूचा प्रश्नही विसरता येत नाही. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इंदापूरच्या काठावरील उजनी जलाशयात येते; ज्याच्या दारी दुसऱ्याची घाण वाहत येते, त्याला स्वतःच्या संयमाचे फळ दिसत नाही. काठावरच्या गावांना केवळ उपदेश करणे म्हणूनच अन्यायाचे आहे. उपदेशाआधी कचरा हाताळणाऱ्यांना मान मिळायला हवा: पुण्यात 1993 पासून संघटित झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक महिलांना ओळखपत्र आणि व्यवसायाचा मान मिळवून दिला. येथील नगरपरिषदांनी व ग्रामपंचायतींनी वर्गीकरणाच्या मोहिमा आखण्यापूर्वी घंटागाडीवरील कामगारांचे वेतन, हातमोजे आणि मत यांचा विचार आधी करावा, कारण घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र पडताना ज्या गृहिणीने एकदा पाहिला, ती दुसऱ्या दिवशी तो वेगळा करत नाही.