‘लायब्ररी सांपडत नाहीं’



आजचा विषय ऐकून हें भाषण कारखान्यांतल्या मंडळींसाठीं असावें, असें पुष्कळांना वाटेल. परंतु ज्या घरांत अभियांत्रिकीचा किंवा जीवरसायनशास्त्राचा एखादा विद्यार्थी आहे, त्या घरांत रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा कां जळत असतो, याचें उत्तर कित्येकदां या विषयांतच असतें. अमुक लायब्ररी सांपडत नाहीं, असें एकच वाक्य संगणक पुन्हां पुन्हां सांगत असतो. आणि ज्याचा प्रबंध त्यावर अडला आहे तो बिचारा यंत्रावरचें होतें नव्हतें तें पुसून सारें पहिल्यापासून बसवीत असतो. हा उद्योग बहुधा अनावश्यक असतो, आणि कधीं कधीं घातकहि. तो कसा, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

ग्राफिक्स कार्ड हें मुळांत पडद्यावरचीं चित्रें भराभर रंगविण्याचें यंत्र. एकाच प्रकारचें गणित हजारों ठिकाणीं एकदम करण्याची त्याची हातोटी शास्त्रीय हिशेबांनाहि उपयोगी पडते, हें ओळखून एन्व्हिडिया कंपनीनें २००७ सालीं ‘कुडा’ नांवाची साधनसामग्री बाहेर काढली. (सह्याद्रींतल्या औषधी कुड्याशीं तिचें नातें केवळ उच्चारापुरतें!) प्रथिनांच्या रेणूंची हालचाल गणितानें दाखविणारा ‘ग्रोमॅक्स’सारखा प्रोग्रॅम या कार्डावर चालवावयाचा, तर तो पुष्कळदां आपल्याच यंत्रावर, आपल्या कार्डाला जुळेल असा, मूळ लेखनापासून तयार करून घ्यावा लागतो.

‘लायब्ररी’ या शब्दानें येथें पुस्तकांचीं कपाटें डोळ्यांपुढें आणूं नयेत. तयार करून ठेवलेल्या गणिती कृतींचा तो संच होय. प्रोग्रॅम लिहिणारा त्या कृति स्वतः लिहीत नाहीं. नुसतीं त्यांचीं नांवें घेतो. तीं नांवें पुढें तिघांच्या हातून जातात. कंपायलर भाषांतर करतो, लिंकर तुकडे जोडतो, आणि प्रोग्रॅम चालूं करतेवेळीं लोडर प्रत्यक्ष लायब्ररी आणून हजर करतो. तिघेहि ‘सांपडत नाहीं’ असेंच म्हणतात. पण तिघांच्या शोधाच्या जागा निराळ्या. एकाला दिलेला पत्ता दुसऱ्याला ठाऊक नसतो.

म्हणून पहिला प्रश्न असा कीं, बोललें कोण? नांवाच्या शेवटीं ‘.एच’ असलेली फाइल नाहीं, ही तक्रार कंपायलरची. ‘कॅनॉट फाइंड -एलकुडार्ट’ हे शब्द लिंकरचे. जुळणी निर्विघ्न पार पडून प्रोग्रॅम चालविण्याच्या क्षणीं ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ असें उमटलें, तर बोलणारा लोडर.

दुसरा प्रश्न: वस्तु खरोखर नाहीं, कीं नुसती दिसत नाहीं? लिनक्सवर कुडाचा संच सामान्यतः ‘/यूएसआर/लोकल/कुडा’ येथें असतो, आणि लायब्रऱ्या त्यांतील ‘लिब६४’ मध्यें. तेथें डोकावण्यास अर्धा मिनिट पुरे. संच नव्यानें उतरवून घेण्यास कित्येक गिगाबाइट लागतात. वस्तु तेथें असेल तर मोठ्या लिपींतल्या ‘एल’ या खुणेनें लिंकरला तो पत्ता द्यावा. ‘सीमेक’चा स्वभाव मात्र ओळखून असावें. पहिल्या खेपेस काढलेला निष्कर्ष तो टिपून ठेवतो, आणि आपण मागाहून पत्ता दुरुस्त केला तरी जुनेंच टिपण वाचीत बसतो. जुळणीचें जुनें फोल्डर काढून नव्यानें आरंभ करावा, हें उत्तम.

लोडरसाठीं ‘एलडीडी’ ही आज्ञा आहे. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची ती यादी देते आणि जी मिळत नाहीं तिच्यापुढें तसें लिहिते. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ मध्यें पत्ता लिहिला कीं चालू बैठकीपुरतें भागतें. कायमची सोय हवी असल्यास यंत्राच्या व्यवस्थापकानें पत्ता नोंदवून ‘एलडीकॉन्फिग’ चालवावें.

आतां जेथें जाणतेहि घोटाळतात ती जागा. ‘लिबकुडार्ट’ संचाबरोबर येते. ‘लिबकुडा’ कार्डाच्या ड्रायव्हरबरोबर. नांवें सख्ख्या बहिणींसारखीं, पण घरें वेगळीं. पहिली हरवली असतां ड्रायव्हर बदलणें व्यर्थ. कधीं तर त्या भरांत चालता पडदाहि काळा होतो. दुसरी हरवली असतां संच दहा वेळां बसविला तरी फळ नाहीं. ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ जो कुडाचा अंक दाखवितें, तोहि संचाचा नव्हे. ड्रायव्हर कोठवर साथ देईल, त्याची ती मर्यादा. संचाचा अंक ‘एनव्हीसीसी’ला विचारावा.

पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धि’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादींत ६३ वा होता. अशा महायंत्रांवर जुळणी बहुधा प्रवेशाच्या संगणकावर करतात, आणि त्यांत पुष्कळदां कार्डच नसतें. कार्ड नाहीं म्हणून ड्रायव्हर नाहीं. ड्रायव्हर नाहीं म्हणून ‘लिबकुडा’ नाहीं. यासाठीं संचांत ‘स्टब्ज’ नांवाच्या फोल्डरांत तिची एक पोकळ प्रतिकृति ठेवलेली असते. तालमीला नटाच्या जागीं उभा केलेला बदली माणूस म्हणा ना! तिला लिंकरपुढें उभी करावी, लोडरपुढें कदापि करूं नये. प्रयोगाच्या दिवशीं तिला एक वाक्य बोलतां येत नाहीं.

राहिली ती सर्वांत मोहाची युक्ति. प्रोग्रॅम ‘लिबकुडार्ट.एसओ.११.०’ मागत आहे आणि घरांत १२ आहे. तेव्हां १२ ला ११ चें नांव चिकटवून द्यावें, असा सल्ला कोणीतरी देतोच. फाइलींच्या नांवांतले हे अंक शोभेचे नसतात. कोणत्या कृतीला काय द्यावयाचें व तिनें काय परत करावयाचें, त्या कराराचा तो क्रमांक असतो. खोटें नांव पाहून लोडरनें तेथेंच हरकत घेतली तर नशीब. एखादी लायब्ररी हरकत न घेतां चालूं लागते आणि मध्येंच कोसळते, किंवा चुकीचा आंकडा शांतपणें हातीं देते. आणि तो आंकडा मग प्रबंधांत छापला जातो. वास्तविक ११ आणि १२ हे दोन्ही संच एकाच यंत्रावर वेगवेगळ्या फोल्डरांत सुखानें नांदतात. ११ हवा असेल तर ११ शेजारीं बसवावा, किंवा प्रोग्रॅमच १२ घेऊन नव्यानें जुळवावा. १२ पुसण्याचें कारण नाहीं.