फायटर माशाचं घर

दुकानातल्या इवल्याशा बरणीत फायटर मासा, म्हणजेच बेट्टा, जिवंत दिसतो. पण ती जागा त्याला पुरते असं कृपया समजू नका. थायलंडच्या भातखाचरांतला हा मासा कल्ल्यांखेरीज एका खास अवयवानेही श्वास घेतो. पाण्यावर येऊन तोंडाने हवा गिळतो, म्हणून बरणीत कसाबसा तग धरतो. त्याला निदान 15 ते 20 लिटरची टाकी द्या. वर झाकण हवंच, उडी मारतो तो! मात्र झाकणाखाली हवेला जागा ठेवा. पाणी 24 ते 28 अंश सेल्सिअस असावं. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर लावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. दोन नर एकत्र कधीही ठेवू नका. आणि पाण्यावर बुडबुड्यांचा फेस दिसला, तर घाण समजून काढू नका. नर अंड्यांसाठी असं घरटं बांधतो, मादी नसली तरीही.