हाताखालून गेलेल्या कविता
(जबलपूर येथे सराफा भागात रेल्वे व टपाल कामगारांच्या बैठकीत केलेले भाषण)



बदल्या आणि पेन्शनच्या बैठकीत कवितेचे काय काम, असे मागून कोणीतरी म्हणाले. प्रश्न रास्त आहे.

मी आरएमएसमध्ये टपालाचे सॉर्टिंग करण्यात आयुष्य घालवले. याच शहरातून ज्ञानरंजन यांचे 'पहल' निघत असे. १९७३ साली सुरू झालेले हे हिंदी नियतकालिक मध्ये काही वर्षे थांबले, पुन्हा निघाले आणि २०२१ मध्ये बंद झाले. नव्या कवितेसाठी देशभरचे वाचक ज्याची वाट पाहत, ते जबलपूरचे होते! त्या थैल्या आम्ही बांधल्या, गाडीत चढवल्या; आत काय आहे, हे कित्येक वर्षे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्याचे टपाल उघडणे गुन्हा होता, पण वर्गणी भरणे तर गुन्हा नव्हता. तिकडे धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली केवळ कवितेला वाहिलेले 'कवितारती' सुरू केले. तेही टपालानेच घरोघर पोचले.

आता चांगली कविता ओळखायची कशी? इथे सराफ्यात नुसते नाव ऐकून कोणी सोने घेत नाही, कसोटीवर घासून पाहतो. आपली कसोटी म्हणजे आपले काम. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' हे इंग्रजी पुस्तक १९७६ चे. त्याला १९७७ मध्ये राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले, ते बाजूला ठेवा. शेवटचा भाग वाचा. देवळे पाहून झालेला माणूस स्टेशनवर येतो. तिथे इंडिकेटर आहे, कुत्रा आहे, चहाचा स्टॉल आहे, स्टेशन मास्तर आहे. पुढची गाडी केव्हा, एवढे कोणी सांगावे म्हणून नवस बोलण्याची पाळी येते! आमच्या एका स्टेशन मास्तर मित्राला मी हे समजावून सांगितले. तो आधी खो-खो हसला, मग गप्प झाला. म्हणाला, "चौकशीच्या खिडकीत मीही असाच बसलोय रे."

ही कविता कसाला उतरली, असे मी मानतो. आपल्या अंकांत येणाऱ्या बऱ्याच कवितांत मूठ आवळलेली असते, आणि चूक नेहमी दुसऱ्याची असते. त्या वाचून कोणी गप्प झालेला मी पाहिला नाही. (माझ्याही दोन त्यांत आहेत.)

आणखी एक. २०२४ च्या डिसेंबरात नोंदणीकृत बुक पोस्ट बंद झाले, स्वस्तात पुस्तक पाठवण्याची ती सोय गेली. छोट्या प्रकाशकाला ते जड गेले. टपालवाल्यांनी हा मुद्दा मागण्यांत घ्यावा, असा ठराव मी मांडतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने गेल्या दहा वर्षांतली एक कविता आणावी, मराठी किंवा हिंदी. कवीचे नाव झाकून मोठ्याने वाचू. एकदा वाचून भागले नाही तर दुसऱ्यांदा वाचू. चहाची वर्गणी वेगळी द्यावी लागेल.