जुनं नाणं आणि दुर्मीळ नाणं



माळवदाची भिंत उतरवताना, विहिरीचा गाळ काढताना किंवा आजीच्या पितळी डब्याच्या तळाशी एखादं जुनं नाणं हाती लागतं, आणि घरात पहिला प्रश्न निघतो, याचे किती येतील? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं जे उत्तर गावात सर्रास दिलं जातं, ‘जितकं जुनं तितकं मोलाचं’, ते खरं नाही. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पैठणच्या किंवा नेवाशाच्या पांढरीत सातवाहनांची शिशाची आणि पोटिनची, म्हणजे मिश्र धातूची, लहान नाणी सापडत आली आहेत. वय जवळजवळ दोन हजार वर्षं. तरीही त्यांतली साधी, झिजलेली नाणी संग्राहकांच्या बाजारात स्वस्तात मिळतात. कारण ती पाडलीच होती भरपूर, आणि चांदीसारखा मोह नसल्याने ती कुणी आटवलीही नाहीत. आता शिवरायांची नाणी घ्या. राज्याभिषेक १६७४ चा. महाराजांचा सोन्याचा होन आज इतका विरळा की एखादा खरा होन पुढे आला तर जाणत्यांत चर्चा होते. तांब्याची शिवराई मात्र पुष्कळांनी पाहिलेली असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हाच मजकूर ठेवून पेशवाईतही टांकसाळी शिवराई पाडत राहिल्या, म्हणून शिवराई उदंड. नाव तेच, मान तोच, पण मोलात जमीन-अस्मानाचं अंतर.

म्हणजे नाणं किती जुनं यापेक्षा आज किती उरलं, कोणत्या स्थितीत उरलं आणि ते हवं असणारे किती, हे पाहावं लागतं. किती पाडली हेसुद्धा पुरेसं नाही. १९११ साली पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत हत्ती होता. तो इतका बुटका उमटला की लोकांना डुक्कर दिसलं. हिंदू नाराज, मुसलमानही नाराज. ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतले ७ लाखच बाहेर पडले होते. सरकारने बाहेर गेलेल्यांतले बरेचसे परत घेतले, उरलेल्यांसह ते आटवले, आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. दुसरं उदाहरण १९३९ च्या रुपयाचं. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. त्याआधीचा हा शेवटचा भरघोस चांदीचा रुपया, आणि तो आज फार क्वचित भेटतो. १९३८ चा त्या मानाने सहज मिळतो. एका वर्षाचा फरक! अर्थात बनावट १९३९ चे रुपयेही बाजारात आलेले आहेत.

पण बीड जिल्ह्यातल्या घरांत हमखास निघतो तो आपला हाली रुपया. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तिथलं नाणं वेगळं, त्याला हाली सिक्का म्हणत, आणि इंग्रजी रुपयाला कलदार. ‘हाली’ म्हणजे चालू. ज्याचं नावच चालू, ते १९५९ पासून बंद आहे! जुन्या माणसांच्या तोंडी हिशेब असे, सात हाली म्हणजे सहा कलदार. सरकारी दर ११६ रुपये १० आणे ८ पै हालीला १०० कलदार, म्हणजे तोच.

शिक्षक-बंधूंनी हा हिशेब वर्गात जरूर घालावा. हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे निव्वळ चांदी ९.१४ ग्रॅम. कलदाराचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी शेकडा ९१.७, म्हणजे १०.६९ ग्रॅम. आता सात हालीतली चांदी करा, ६४ ग्रॅम. सहा कलदारांतली करा, तीही ६४ च्या आसपास. सावकाराच्या तोंडचा दर काही हवेतून आला नव्हता, तो चांदीत होता. मात्र पुढे, १९४० नंतरच्या दशकात, हाली रुपयातही निम्मीच चांदी राहिली. त्यामुळे दोन हाली रुपये दिसायला सारखे असले, तरी सराफाच्या काट्यावर सारखे नसतात.

आणि संग्राहकाच्या नजरेला तर आणखीच निराळे. नाण्यावरचा चारमिनार पाहा. मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. महबूब अली खानांच्या नाण्यावर ‘मीम’, उस्मान अली खानांच्या नाण्यावर ‘ऐन’. उस्मान अली १९११ मध्ये, म्हणजे हिजरी १३२९ ला गादीवर आले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांपैकी काहींवर हा ऐन आखूड, अर्धवट आहे. नंतर तो पूर्ण झाला. एवढ्याशा रेघेसाठी संग्राहक भिंग लावून बसतात. सराफ मात्र दोन्ही एकाच मुशीत टाकतो, आणि त्याचं काही चुकलं असंही नाही, त्याला चांदीच हवी असते. चूक होते ती आपण त्याच्याकडे आधी गेलो तर.

किंमत घालवण्याचे आणखी दोन घरगुती मार्ग आहेत. एक चिंच आणि राख. घासून नाणं लखलखीत होतं, पण त्याच्या अंगावर बसलेला काळपट थर आणि बारीक रेषा दोन्ही जातात, आणि जाणता गिऱ्हाईक पाठ फिरवतो. दुसरा डाग देऊन लावलेली कडी. तांड्यावरच्या बंजारा बायांच्या अंगावर रुपयांच्या माळा शोभून दिसतात. तो दागिना म्हणून मोलाचाच आहे, उगाच मोडू नये. पण कडी काढून ‘नाणं’ म्हणून विकायला गेलात, तर डागाची खूण लपत नाही.

आता एका मोठ्या ठेव्याची हकिकत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. या एका साठ्याने त्याचं नाणं एकाएकी मुबलक झालं. पण खरी गंमत पुढे आहे. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचं राज्य कुणी जिंकलं, याचा हा चांदीतला पुरावा. हीच नाणी चार-चार करून चार बाजारांत विकली गेली असती, तर पुष्कळ पैसा झाला असता, पण ‘साठ्यात किती ठसे बदललेले होते’ हे कुणाला सांगता आलं नसतं. नाणी एकत्र राहिली म्हणून ती बोलली.

म्हणून जमिनीत काही सापडलं तर कायदा काय म्हणतो ते ऐका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं, तर कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं. लोकांना वाटतं, कळवलं की सगळं सरकारजमा. तसं नाही. मालक नाही असं ठरलं आणि दुसरा काही करार नसला, तर तीन भाग सापडणाऱ्याला आणि एक भाग जमिनीच्या मालकाला. सरकारने ते स्वतःकडे घेतलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर मात्र वाटा जातो, आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

याच आशेवर दुसरे लोक टपलेले असतात. ‘पाच रुपयांचं वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ असे निरोप मोबाईलवर फिरतात. ते नाणं २०१२ सालचं आहे आणि बाजारात पुष्कळ आहे. निरोप देणारा शेवटी म्हणतो, आधी नोंदणीचे पैसे भरा. तिथेच ओळखावं. नाणं विकत घेणारा विकणाऱ्याकडून पैसे कशाला मागेल? रिझर्व्ह बँकेनेही ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलं, की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांत ती नसते आणि त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही. ‘खोदकामात सापडली’ म्हणून अंधारात दाखवल्या जाणाऱ्या सोन्याच्या मोहरांचंही तसंच. हातात ठेवतात ती पहिली खरी असते, पिशवीतल्या पितळेच्या.

तेव्हा घरात नाणं निघालं तर आधी ते घासू नका. त्याच्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. हे पोरांना शिकवावं लागत नाही. दोन्ही बाजूंचे ठसे वहीत चिकटवा. शेजारी वजन, कुठे मिळालं, सोबत काय होतं, हे लिहा. आणि चारमिनारी रुपया असेल, तर गावातल्या उर्दू जाणणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या चाचांकडे जा. कमानीतलं अक्षर आणि हिजरी साल ते मिनिटात वाचून देतील, आणि बहुधा हाली-कलदारची एखादी गोष्टही सांगतील. तीही त्याच पानावर लिहून ठेवा.