दोघांची ॲम्ब्युलन्स

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हे राज्य सुमारे 25 लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या आठपट आहे. वस्ती मात्र बहुतेक पर्थ शहरात आणि त्याच्या आसपास. उरलेल्या गहू-मेंढ्यांच्या मुलखातल्या लहान गावांत पगारी कर्मचारी ठेवणे परवडत नाही. तिथे सेंट जॉन ॲम्ब्युलन्सची गाडी बहुधा गावकरीच काढतात: दुकानदार, शेतकरी, शाळेतल्या बाई. काही गावांत तर हे काम वर्षानुवर्षे एखाद्या नवरा-बायकोच्याच अंगावर असते.

या सेवेची सुरुवात इंग्लंडमध्ये 1877 साली झाली. काळ कारखान्यांचा, खाणींचा आणि रेल्वेचा. अपघात रोजचे आणि डॉक्टर दूर. डॉक्टर येईपर्यंत काय करावे आणि काय करू नये, हे साध्या माणसांना शिकवावे, एवढाच हेतू होता. 1883 मध्ये हे वर्ग मेलबर्नला सुरू झाले, 1892 मध्ये पर्थला.

जोडप्याचा सोयीस्करपणा उघड आहे. गाडीला माणसे दोन लागतात. एक चालवायला, एक मागे रोग्यापाशी. रात्री दोन वाजता बोलावणे आले, तर दुसऱ्याला शोधत फिरावे लागत नाही. मुले लहान असतील तर शेजारी झोपायला जातात. रोगी नेहमी ओळखीचाच निघतो, आणि गाडीत जे दिसले-ऐकले ते दुसऱ्या दिवशी दुकानात बोलायचे नसते. हा नियम पाळणे पट्टी बांधण्याहून अवघड.

पट्टीचा विषय निघालाच आहे, तर त्रिकोणी पट्टीजवळ थांबायला हवे. मीटरभर चौरस कापड तिरपे कापले की दोन पट्ट्या होतात. कील येथील शल्यविशारद फ्रीडरिख फॉन एस्मार्क यांनी एकोणिसाव्या शतकात ती सैनिकांसाठी रूढ केली आणि ती कशी बांधावी याची चित्रे त्या कापडावरच छापली. पुस्तक हरवते, पट्टी हाताशी असते. उलगडली की हात गळ्यात बांधायची झोळी. घडी घातली की रुंद पट्टा. आणखी घडी घातली की गुडघ्याला, डोक्याला, मोडलेल्या पायाला कामटीसह बांधायला अरुंद पट्टा. गाठ सपाट बसावी, जखमेवर येऊ नये, आणि बांधून झाल्यावर बोटे निळी तर पडत नाहीत ना, हे पाहावे. आता पाकिटातल्या तयार झोळ्या मिळतात आणि हाताची सवय जाते, हे काही बरे नव्हे. घरातल्या जुन्या सुती साडीतून अशा कितीतरी पट्ट्या निघतील. सूत्र तीन कामांचे: थांबवणे, झाकणे, आधार देणे. रक्त थांबवणे, जखम झाकणे, अवयवाला आधार देणे.

तेच सूत्र सापाच्या दंशाला थोड्या फरकाने लागू पडते. तिथे थांबवायचे असते विष. ऑस्ट्रेलियातल्या सापांचे विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून अंगात पसरते. 1979 मध्ये स्ट्रुअन सदरलँड यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखवले, की अवयवावर रुंद लवचीक पट्टी घट्ट गुंडाळून तो कामटीने स्थिर केला तर हे पसरणे मंदावते. मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तेवढाच घट्टपणा. पाय असेल तर बोटांपासून मांडीपर्यंत. रोग्याला पाऊलभरही चालवायचे नाही. दंशाची जागा धुवायची नाही, कारण कातडीवरचे विष साप ओळखायच्या चाचणीला उपयोगी पडते.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनी मात्र ही पट्टी उचलू नये. घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने चावल्या जागीच सूज येते, मांस सडते; तिथे आवळून बांधण्याने हानी वाढते. अंगठी, पैंजण काढावे, मोडलेल्या हाडासारखा अवयव स्थिर ठेवावा आणि सरळ रुग्णालय गाठावे. तरीही दोरी करकचून बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे हे सिनेमात पाहिलेले अजून चालू आहे. भाजल्यावर टूथपेस्ट लावणेही तसेच. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे थंड वाहते पाणी धरावे.

जोडप्याचे काम रोगी पुढे सोपवला की संपते. दूरच्या गावांतून तो विमानाने जातो. जॉन फ्लिन यांच्या पुढाकाराने 1928 मध्ये क्वीन्सलँडमधील क्लोनकरीहून सुरू झालेली ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा आज ऑस्ट्रेलियाभर आहे. ॲम्ब्युलन्स धावपट्टीवर उभी राहते; त्याआधी कुणीतरी पट्टीवरचे कांगारू हाकलून आलेले असते.

दीर्घ सेवेबद्दल पदक दिले जाते; ते 1898 मध्ये स्थापन झाले. त्यावर राणी व्हिक्टोरियाची मुद्रा आजही तशीच आहे, आणि पुढल्या दर पाच वर्षांना फितीवर एक पट्टिका वाढते. स्ट्रेचर उचलवेनासे झाले की बहुतेकजण रात्रीची पाळी सोडतात. पण नव्यांचे वर्ग घेणे, गाडीतली पेटी तपासणे आणि मुदत संपलेली मलमे काढून टाकणे चालूच राहते. नवे स्वयंसेवक मिळणे हल्ली कठीण झाले आहे, कारण तरुण मुले शिक्षणासाठी आणि कामासाठी पर्थला जातात.